रद्दीचा टेम्पो येण्याआधी: वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
गावोगावची सार्वजनिक वाचनालयं, महाराष्ट्र

स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर मी एकाच मंडळाला लिहायला घेतलं होतं. ज्या तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते, तिथल्या. दिवाळीनंतरच्या बैठकीत त्यांनी ठराव केला की गेल्या दहा वर्षांत एकदाही देवघेवीत न आलेली पुस्तकं निर्लेखित करून रद्दीत काढावीत आणि मोकळ्या होणाऱ्या जागेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका वाढवावी. सूचक, अनुमोदक, ठराव एकमताने मंजूर. मला हे शिपायाकडून कळलं. मग ओळखीच्या दोन-तीन ग्रंथपालांना फोन केले, तर त्यांच्याकडेही हाच ठराव. फक्त वर्षांचा आकडा वेगळा, कुठे पाच, कुठे सात. म्हणून वरचा पत्ता बदलला.

आधीच सांगते, अभ्यासिकेला माझा विरोध नाही. सकाळी सहाला कुलूप उघडायच्या आत मुलं दारात उभी असतात, जागा धरायला टेबलावर पाण्याची बाटली ठेवून चहाला जातात. एका खोलीत पाच-सहा जणं राहणाऱ्या त्या पोरांना टेबल, पंखा आणि शांतता मिळायलाच हवी. जागा नाही हेही खरं, वाळवी लागते हेही खरं, आणि अनुदान येतं तेव्हाच येतं हे तर मी पगाराची वाट बघत बघत शिकले. फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे मीही बांधले आहेत. माझं भांडण फक्त तुमच्या कसोटीशी आहे. ‘इतक्या वर्षांत कुणी मागितलं नाही’ या मापाने साहित्य मोजायला गेलं की काय होतं, ते मी काही पुस्तकांवरून सांगते.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेच्या बाजूला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला पोटच्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांना विषय मिळाला होता. बायका कशा बिघडत चालल्या आहेत, यावर पुरुषमंडळींनी भरपूर शाई खर्च केली. ते वाचून ताराबाईंचं डोकं तापलं आणि १८८२ साली पुण्यात ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आली. बायको मेली की दुसरी आणायला तुम्ही मोकळे, मग नवरा मेल्यावर बाईने असं कोणतं पाप केलं? जे दुर्गुण बाईच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत का? असा सगळा सरळ हिशेब. विशेष म्हणजे त्या काळातल्या नाटकं-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनाही त्यांनी सोडलेलं नाही. बाईचं मन काय असतं हे ठाऊक नसताना तुम्ही बायका रंगवता कशाच्या जोरावर, असा त्यांचा रोख. मराठीत पुस्तकातल्या बाईबद्दल लेखकाला जाब विचारणारी बाई १८८२ साली होऊन गेली, हे मला नोकरीला लागून चार वर्षं होईपर्यंत माहीत नव्हतं. ग्रंथालयशास्त्राचा अभ्यासक्रम केला होता मी!

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंनी काही लिहिल्याचं आढळत नाही. पुस्तक विसरलं गेलं, ते पार १९७५ पर्यंत. त्या वर्षी संशोधक स. गं. माळश्यांनी ते पुन्हा छापलं, आणि आज स्त्रियांच्या प्रश्नावर मराठीत बोलायचं तर सुरुवात तिथूनच करावी लागते. मधली वर्षं मोजा. त्र्याण्णव. एवढा काळ एखादी प्रत कुठल्या तरी कपाटात पडून राहिली, तिला कुणी मागितलं नाही आणि कुणी बाहेरही काढलं नाही, म्हणून माळश्यांच्या हाती ती लागू शकली. तुमचा ठराव तिला दहाव्या वर्षीच रद्दीत घालतो.

फुल्यांच्या स्वतःच्या नाटकाची कथा याहून वाईट. ‘तृतीय रत्न’ त्यांनी १८५५ साली लिहिलं. भटजींच्या थापांना भुललेली एक गरोदर कुणबीण आणि तिचा नवरा शेवटी शिकायला लागतात, असं ते नाटक. त्यांनी ते मराठी पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राईज कमिटीकडे पाठवलं. कमिटीतल्या मंडळींनी ते नापसंत केलं. छापून आलं ते १९७९ साली. म्हणजे ज्या कुणब्यांसाठी लिहिलं होतं त्यांच्या पणतू-खापरपणतूंना ते वाचायला मिळालं. ती कमिटीही चांगल्या, शिकलेल्या, समाजाचं भलं चिंतणाऱ्या लोकांचीच होती. तुमच्यासारख्यांची आणि माझ्यासारख्यांची. ग्रंथनिवड समितीत मी एकतीस वर्षं बसले, तेव्हा हे टोचून सांगायचा हक्क मला आहे.

आपल्या प्रत्येक वर्धापनदिनी पाहुणे एक वाक्य म्हणतात: साहित्य हा समाजाचा आरसा आहे. मी ते इतक्यांदा ऐकलं की टाळी कुठे पडणार हेही पाठ झालं. पण आरसा कुठल्या खोलीत टांगलाय, हे पाहुणे कधी सांगत नाहीत. माजघरात टांगला तर माजघर दिसेल. वेशीबाहेरचं त्यात कसं दिसणार? १८८५ साली पुण्यात ग्रंथकारांची दुसरी सभा भरली, तिचं आमंत्रण फुल्यांना गेलं, आणि त्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून यायला नकार दिला. त्याच पत्रातले ते ‘उंटावरून शेळ्या वळणारे घालमोडे दादा’. आम्ही काय सोसतो हे ज्यांना ठाऊकच नाही त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा आणि पुस्तकांचा मेळ बसत नाही, असं त्यांनी साफ कळवलं. पहिली सभा १८७८ ची, हीच पुढे मराठी साहित्य संमेलन झाली. तिथपासून संमेलनाच्या अध्यक्षपदी बाई बसायला १९६१ साल उजाडलं, ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे. आणि दलित लेखकाला १९८४, जळगावला शंकरराव खरात. मी त्याच वर्षी नोकरीला लागले म्हणून लक्षात आहे.

आता आपल्या घरच्या गोष्टी सांगते.

आमच्या वाचनालयात हरि नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची एक जुनी प्रत आहे. लाल रेक्झिनची बांधणी, दोनदा शिवलेली. ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’मधून क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तक झालं. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने स्वतःची हकीकत सांगते. माहेर, लग्न, नवऱ्याने शिकवणं, मग वैधव्य, केशवपन. त्याआधी विधवांच्या दुःखावर मराठीत पुस्तकं नव्हती असं नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ चीच. पण बाईच्या आवाजात, स्वयंपाकघरातल्या बोलीत, इतकं जवळून कुणी सांगितलं नव्हतं.

तर या प्रतीच्या नावाने आमच्या देवघेवीच्या जुन्या वहीत १९३४ साली एका वकीलसाहेबांच्या नावावर चार नोंदी आहेत. एकाच वर्षात चार वेळा. त्या वह्यांत बायकांची नावं जवळपास नाहीतच, वर्गणी घरच्या पुरुषाच्या नावावर असायची आणि पुस्तकं शिपाई घरी पोचवायचा. आता एखादा वकील एकच कादंबरी वर्षातून चार वेळा कशाला नेईल? पुस्तकाच्या मधल्या एका पानावर हळदीचं बोट उमटलेलं आहे, अजूनही पिवळं. वकीलसाहेब हळद हाताळत नसावेत.

मी ते पान पुष्कळांना दाखवलं. त्यांतल्या एक आजी, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास, साल १९९२ असेल. त्यांनी पुस्तक नेलं आणि आठ दिवसांनी परत आणलं ते पदराखाली धरून. टेबलावर ठेवताना म्हणाल्या, “आमच्या आत्याचं असंच झालं होतं हो. आलवण नेसून कोपऱ्यात बसायची. पण ती कधी काही बोलली नाही. हे सांगायचं असतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.” मग बराच वेळ त्या त्या आत्याबद्दल बोलत बसल्या. घरी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं म्हणाल्या. आत्या जाऊन तेव्हा पन्नास वर्षं झाली असतील.

कादंबरीमुळे केशवपन बंद पडलं असं मी म्हणणार नाही. १८९३ सालीच धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. कुणी कुणाचं वाचून काय केलं हे सांगणं अवघड आहे, हवेतच ते सगळं होतं. आणि एक गोष्ट तर आपण सांगायचीच विसरतो. कादंबरी सुरू झाली त्याच १८९० साली मुंबईत नाभिकांची सभा भरली, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी तिच्यासाठी खटपट केली, आणि विधवांच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही असं ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच ठरवलं. यमूची गोष्ट घराच्या आतून सांगितलेली आहे. वस्तरा धरणाऱ्याच्या मनात काय होतं, हे तिच्यात शोधायला जाऊ नये. दोन्ही कळायचं तर दोन्ही कपाटं शाबूत हवीत, एवढंच.

आता ‘शारदा’. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक किर्लोस्कर मंडळींनी १३ जानेवारी १८९९ रोजी इंदूरला पहिल्यांदा केलं. पंचाहत्तरीचा भुजंगनाथ, पैशाला विकलेला कांचनभट, आणि त्याची पोर शारदा. ‘पाऊणशे वयमान’ हे शब्द आपण आजही बोलताना वापरतो, त्यातल्या अर्ध्यांना ते नाटकातलं पद आहे हे माहीतही नसेल. एखादं नाटक भाषेत असं विरघळलं की ते कुठवर पोचलं हे मोजायला दुसरं माप लागत नाही.

आमच्याकडे रोज पेपर वाचायला एक आजोबा यायचे. काळी टोपी, काठी, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचं ठाम मत होतं की देवलांचं नाटक बघून सरकारने ‘शारदा कायदा’ केला. मी एकदा म्हटलं, “आजोबा, तो सारडा कायदा. अजमेरचे हरबिलास सारडा होते, त्यांनी विधेयक आणलं, म्हणून ते नाव.” ते चिडले. “तू होतीस का तेव्हा?” नव्हते. पण कायदा १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला, मुलीला किमान चौदा वर्षं, मुलाला अठरा, एवढं मला माहीत होतं. नाटकानंतर तब्बल तीस वर्षांनी. मी छापील पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी बघितलंही नाही.

ही गैरसमजूत फक्त त्या आजोबांची नाही, जुन्या पिढीतल्या पुष्कळांकडून मी ऐकली आहे. शारदा आणि सारडा, कानाला जवळजवळ एकच. पण मला त्यात एक गंमत दिसते. त्या माणसांना असं वाटू शकत होतं की नाटकामुळे कायदा होतो. आज आपल्यापैकी कुणाला एखादं नाटक बघून तसं वाटेल का?

पुढे ओळख वाढल्यावर आजोबांनी उरलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या वडिलांनी ‘शारदा’ तीन वेळा पाहिलं होतं. दर वेळी उपरण्याने डोळे पुसत घरी आले होते. आणि त्याच वडिलांनी १९३० च्या मार्चमध्ये, कायदा लागू व्हायच्या आत, आजोबांच्या थोरल्या बहिणीचं लग्न उरकलं. ती नऊ वर्षांची होती. त्या महिन्यात अशी लग्नं गावोगाव घाईने लागत होती. नवरा म्हातारा नव्हता, चांगला सतरा-अठरांचा होता, म्हणजे वडिलांच्या मते ‘शारदे’त दाखवलेलं पाप त्यांनी केलं नव्हतंच. नाटकाने त्यांना म्हाताऱ्या नवऱ्याचा राग यायला शिकवलं होतं, लहान नवरीबद्दल त्यांनी काही ऐकलंच नव्हतं. आजोबा हे सांगताना हसले, आणि मग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत गप्प बसले.

मी त्यानंतर नाटक पुन्हा वाचलं. तर देवलांनीही लग्न मोडलंय ते नवरा म्हातारा म्हणून नाही. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून! आणि शेवटी शारदेचं कोदंडाशी लग्न व्हायला शंकराचार्यांची संमती लागते. १८९९ च्या प्रेक्षकांना तेवढंच पचलं असतं, हे देवलांना कळत होतं. रडून घरी गेलेला तो बाप नाटकाबाहेर फार गेला होता असं म्हणता येत नाही. आणि शारदेचं काम तर पुरुष करायचे, पुढे बालगंधर्वांनीही केलं. ज्या मुलींची ही गोष्ट, त्यांतल्या कितीजणी प्रेक्षकांत बसल्या असतील कोण जाणे. एक नाटक आपल्या समाजाला किती पुढे नेतं आणि समाज त्याला कुठे अडवतो, हे दोन्ही बघायचं असेल तर ‘शारदे’ची संहिताच हाताशी हवी. आमच्याकडच्या प्रतीवर मागच्या अकरा वर्षांत एकही तारखेचा शिक्का नाही. ती यादीत आहे.

तिसरी गोष्ट कुलपाच्या कपाटाची. प्रत्येक जुन्या वाचनालयात एक असतं. आमच्याकडच्या कपाटावर पाटी होती, ‘ग्रंथपालांकडून मागून घ्यावे’. मी रुजू झाले तेव्हा त्यात र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चे बांधीव अंक होते (ज्यांच्यावरच्या अश्लीलतेच्या खटल्यात १९३४ साली डॉ. आंबेडकर वकील म्हणून उभे राहिले होते), दोन कामशास्त्राची पुस्तकं होती, आणि दया पवारांचं ‘बलुतं’ होतं. ‘बलुतं’ १९७८ चं. मी त्या वेळच्या एका ज्येष्ठ सदस्यांना विचारलं, हे इथे का? “शिवराळ आहे. घरी बायका-मुलं वाचतात.” माणूस सज्जन होता, गरीब मुलांच्या फिया भरायचा.

मी पुस्तक बाहेर काढायला दोन वर्षं लावली. यात शौर्य काहीच नव्हतं, त्यांची मुदत संपली आणि ते मंडळातून गेले, मग मी ते मधल्या रॅकवर ठेवलं.

त्यानंतर एक बारावीतला मुलगा यायला लागला. तो रॅकच्या मधल्या बोळात उभा राहून ‘बलुतं’ वाचायचा. रोज तासभर. सभासद होता, अनामत भरलेली होती, तरी पुस्तक घरी न्यायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी मी स्टूल नेऊन दिलं आणि म्हटलं, “घेऊन जा की घरी.” तो म्हणाला, “नको मॅडम. घरमालक खालीच राहतात.” मग मला कळलं. दगडू मारुती पवार दया पवारला आपली कहाणी सांगतोय, अशी त्या पुस्तकाची मांडणी आहे. एकाच माणसाचे दोन भाग, एक शहरात पांढऱ्या कपड्यांत वावरणारा आणि दुसरा आतला. हा मुलगा तेच दोघं अंगावर घेऊन रोज संध्याकाळी भाड्याच्या खोलीत परतत होता.

एक दिवस त्याने विचारलं, “मॅडम, असं छापायला परवानगी घ्यावी लागते का?”

म्हटलं, नाही.

“मग आधी कुणीच कसं नाही लिहिलं?”

मी बाबुराव बागुलांच्या कथा काढून दिल्या, ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३ च्या. नाव वाचून त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि तेही पुस्तक तिथेच उभ्याने वाचलं. पुढे लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, मग लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. ही पुस्तकं आली तेव्हा ज्यांच्या घरातली ती होती त्यांच्यापैकीही काहींना हे सगळं चव्हाट्यावर मांडणं आवडलं नव्हतं, हे मी ऐकून होते. पण त्या मुलाला मी बघत होते. वही आणून तो काही पानं उतरवून घ्यायचा. मे महिन्यात तो यायचा बंद झाला. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

आणि आता देवघेवीची वही बघा. त्या संपूर्ण वर्षात ‘बलुतं’पुढे एकही नोंद नाही. कारण ते दाराबाहेर गेलंच नाही. तुमच्या कसोटीने त्या वर्षी ते पुस्तक कुणीही वाचलं नाही.

उलट ज्यांच्या पाठच्या पुठ्ठ्यावरची तारखांची चिठ्ठी भरून भरून मी तीन-तीनदा नवी डकवली, त्या पुस्तकांबद्दलही एक शब्द. पहिला नंबर कायम ऐतिहासिक कादंबऱ्यांचा. मीही त्यांच्यावर वाढले. पण थोरले माधवराव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १९६२ च्या ‘स्वामी’तलेच माधवराव उभे राहतात, रमाबाईही तिथल्याच. एका शिक्षकाने शाळेच्या भाषणात कादंबरीतलं संभाषण अस्सल पत्रातलं म्हणून सांगितलं, आणि ते भाषण लिहायला पुस्तक मीच काढून दिलं होतं. खरा इतिहास सांगणारे सरदेसायांच्या ‘मराठी रियासती’चे खंड शेजारच्याच कपाटात होते. ते कुणी नेले नाहीत, मीही सुचवले नाहीत. दुसरा नंबर सोशिक सुनांच्या कादंबऱ्यांचा. दुपारी दोन ते चार वाचनालय बायकांनी भरलेलं असायचं आणि मला बरं वाटायचं, माझी देवघेव वाढायची, वार्षिक अहवालात आकडा छान दिसायचा. सगळं मुकाट सोसणाऱ्या नायिकेचं शेवटी भलं होतं, हे मी किती हजार वेळा शिक्का मारून घरोघरी पाठवलं असेल? पुस्तकं माणसांना घडवतात असं आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा ही घडणही त्यात धरायला हवी. ती काढून टाका असं मी म्हणत नाही. राहू द्यात. पण देवघेवीचा आकडा पुस्तकाची किंमत सांगतो असं मला तरी कुणी सांगू नये.

माझं मागणं फार नाही. निर्लेखनाच्या यादीतलं प्रत्येक पुस्तक फेकण्याआधी जिल्ह्यातल्या दुसऱ्या वाचनालयात त्याची प्रत आहे का, एवढा एक फोन करा. नसेल तर ते ठेवा, खोक्यात घालून माळ्यावर ठेवा, डांबरगोळ्या टाका. चार प्रती असतील तर तीन खुशाल काढा. आणि जुन्या देवघेवीच्या वह्या काढूच नका. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ चं, नगरचं १८३८ चं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. इतक्या जुन्या आपल्या संस्था. माणसं काय लिहीत होती हे छापील पुस्तकांत राहतं, काय वाचत होती हे फक्त या वह्यांत. वकीलसाहेबांच्या घरातली ती बाई आज दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडायची नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने आपल्याला मान्यता, वर्ग, अनुदान सगळं मिळालं, तपासणीला पुस्तकं मोजतात, पण जुन्या वह्या कुणी विचारत नाही, म्हणून त्या आधी जातात. आमच्याकडच्या १९५२ पूर्वीच्या वह्यांची तीन पोती बांधून ठेवलेली मी परवा जिन्याखाली पाहिली.

यादी बघून मी अट्टाहासाने सगळंच वाचवा म्हणेन, असं आमच्या कार्यवाहांना वाटलं असावं, म्हणून त्यांनी ती दाखवायला टाळाटाळ केली. शिपायाने फोटो पाठवले. तेरा पानं आहेत. मी रात्री बसून खुणा केल्या. सातशेच्या वर पुस्तकं मी स्वतःच काढा म्हणेन: जुनी मार्गदर्शकं, रद्द झालेल्या अभ्यासक्रमाच्या गाइड, दोन पेट्या भरून फुकट वाटलेले गौरवग्रंथ. तेवढ्या जागेत आठ-दहा टेबलं बसतात, मोजून बघितलंय. मात्र एकशे चौदा पुस्तकांपुढे मी लाल फुली मारली आहे. तेराव्या पानावर चौथ्या ओळीत ‘स्त्री-पुरुष तुलना’ आहे, १९७५ ची आवृत्ती, शेरा ‘मागणी नाही’.

टेम्पो सोमवारी येणार आहे. मी रविवारी दुपारी चारला वाचनालयाच्या ओट्यावर असेन, खुणा केलेली यादी घेऊन. मंडळापैकी कुणी एक जण आलं तरी पुरे. ओट्यावर दिवा नाही, तेव्हा अंधार पडायच्या आत या.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल